दार म्हणे नुसतं शोभेचं!

नाही हो सिस्टर, नको, पोर माझ्याकडेच राहू दे! वजनाच्या काट्यावर ठेवा म्हणे... कशी ठेवू? ठेवायचं म्हणजे हात सोडायला लागणार ना? तिथंच तर सगळं घोडं अडलंय! मागच्या गुरुवारी दोन मिनिटं हात सोडला, फक्त दोन मिनिटं, बाटली कोमट करायला... आणि काय झालं ते अख्ख्या ब्रॅडफर्डला कळलंय, तुम्हालाच कळलं नाही होय? मग ऐका. ए रांगेतल्या बायांनो, तुम्हीही ऐका, तो काटा काही पळून जात नाही!

तर क्लिफर्ड वारला. आमचा नात्यातला नव्हे, माझ्या सासऱ्यांच्या बँकेतला. सासरे माझे नॉर्मन, सत्त्याहत्तर वर्षांचे, आमच्याकडेच राहतात, आणि गेली दोन वर्षं त्यांना काही म्हणजे काही आठवत नाही. सकाळी खाल्लेलं दुपारी आठवत नाही, माझं नाव आठवत नाही, मला 'मॅडम' म्हणतात. पोटच्या पोराला 'साहेब' म्हणतात! पण बँकेचं विचारा. बँकेत कुठल्या खिडकीची कडी सैल होती, कुठल्या मॅनेजरला शिंका यायच्या, सगळं तोंडपाठ. सव्वीस वर्षं हे आणि तो क्लिफर्ड, दोघांनी मिळून तिजोरीच्या खोलीचं दार उघडलं. दोघांनी मिळून का? तर बँकेचा नियम. दाराचा पुरा आकडा एका माणसाला ठाऊक असता कामा नये. अर्धा आकडा नॉर्मनचा, अर्धा क्लिफर्डचा. एकानं चकती फिरवायची तेव्हा दुसऱ्यानं पाठ फिरवून भिंतीकडे बघायचं. रोज सकाळी. सव्वीस वर्षं! बायकोलासुद्धा सांगायचं नाही. क्लिफर्डची बायको म्युरिएल म्हणते, "आकडा कसला सांगतोय, जेवायला काय करू ते सुद्धा त्यानं मला कधी सांगितलं नाही!"

हे लक्षात ठेवा हं, अर्धा-अर्धा. पुढं लागणार आहे.

आता ती बँक कधीच बंद पडली, आणि त्या इमारतीत झालाय पब. तुम्ही गेला असाल, 'हेड कॅशिअर' नाव त्याचं. खांब तेच, घुमट तोच, भिंतीवरचं घड्याळ तेच, एवढंच काय, कारकून बसायचे ते लाकडी काउंटरही तेच, फक्त मागं बाटल्या. आणि क्लिफर्ड तिथला खरोखरचा हेड कॅशिअर! मग पबवाला ब्रेंडन म्हणाला, "मयतानंतरचं चहापाणी माझ्याकडेच होऊ दे, तो माणूस आमच्या पाटीवर आहे म्हणा ना!" मोठ्या मनाचा आहे हो ब्रेंडन, तसं काही म्हणायला जागा नाही. सहा फूट उंच, पिंपासारखं पोट, आणि डोक्यात... जाऊ द्या.

मी नवऱ्याला म्हटलं, "क्रेग, मी येत नाही. तीन महिन्यांची पोर घेऊन मयताला कुणी जातं का? तिथं शंभर माणसं खोकणार." तर क्रेग म्हणाला, "कर्स्टी, तुझं आपलं काहीतरीच! डॅडना एकट्यानं कसं सांभाळू?" ते मात्र खरं होतं. कारण सकाळपासून तीनदा... तुम्हाला सांगते, तीनदा आम्ही त्या म्हाताऱ्याला सांगितलं, की डॅड, क्लिफर्ड गेला. आणि तिन्ही वेळा त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. तिन्ही वेळा टोपी काढून छातीशी धरली, तिन्ही वेळा रडले, आणि थोड्या वेळानं पुन्हा, "क्लिफर्ड दिसत नाही कुठं? त्याला उशीर व्हायचा नाही कधी." चौथ्यांदा सांगायची कुणाची छातीच झाली नाही. आम्ही म्हटलं, येईल. येईल म्हणालो हो! आणि त्याच माणसाची पेटी समोर खड्ड्यात उतरत होती.

तर पबमध्ये पोचलो अडीचला. सगळे काळ्या कपड्यांत, हातात ग्लास, हॅमची सँडविचं, पोर्क भरलेल्या पाई, आणि तो गोंगाट! मयताला लोक आधी कुजबुजतात, मग दुसरा ग्लास होतो, मग हसतात, मग तिसऱ्याला गातात, तुम्हाला काय सांगायचं! नेल माझी दचकून उठायला लागली. तर ब्रेंडन म्हणतो, "अगं, गाडी त्या तिजोरीच्या खोलीत ठेव ना, सगळ्यात शांत जागा! दोन हात जाड भिंती. तिथं बॉम्ब पडला तरी ऐकू जायचा नाही."

मी बघितलं. खोली छान केलीय, गाद्यांची बाकं, दिवे, आत बिअरचा एक छोटा नळसुद्धा. पण दार! माझ्या उंचीच्या दीडपट, लोखंडी, एवढं जाड, त्याला जहाजासारखं चाक आणि आकड्यांची चकती. मी विचारलं, "आणि हे लागलं तर?" तर तो बाप्या हसला. पोट धरून हसला! "लागेल कसं? बँकवाले जाताना सोडून गेले, कारण उचलायला माणसं मिळेनात. अगं बाई, दार नुसतं शोभेचं आहे! लोक चाक फिरवून फोटो काढतात म्हणून मी दर महिन्याला तेल देतो फक्त."

तेल देतो! म्हणजे दार शोभेचं, आणि तेल खरं!

मी म्हटलं, "नको." क्रेग म्हणाला, "कर्स्टी, चारचौघांत नाटक नको." म्युरिएल म्हणाली, "ठेव गं पोरी, अगदी डोळ्यासमोर तर आहे." बिचारी स्वतःच्या नवऱ्याच्या मयतात माझी समजूत काढतेय, आणि अंगावर त्याचाच ओव्हरकोट, गारठा होता म्हणून. मला लाज वाटली. ठेवली गाडी आत. आणि दारातच खुर्ची टाकून बसले, जागची हलले नाही! श्वास बघायला नऊ वेळा उठले असेन. नऊ की दहा... दहाच. क्रेग बोटं मोडत बसला होता.

मग बाटलीची वेळ झाली. गरम पाण्याचं भांडं काउंटरच्या त्या टोकाला. दहा पावलं हो, फक्त दहा पावलं! मी क्रेगला म्हटलं, "लक्ष ठेव." क्रेग म्हणाला, "हो." तुमच्या घरी पण असाच 'हो' असतो ना? त्याच 'हो'तला हा 'हो'.

आणि नेमकं तेव्हाच ब्रेंडनला आली हुक्की. क्लिफर्डच्या नावानं ग्लास उंचावू या म्हणून त्यानं टणाटणा घंटा वाजवली. कुठली घंटा? बँकेचीच जुनी पितळी घंटा. आणि वाजले किती होते? साडेतीन! बँक किती वाजता बंद व्हायची? साडेतीन! तिथल्या शंभर माणसांनी ऐकलं, की आता क्लिफर्डच्या नावानं प्यायचंय. एकाच माणसानं ऐकलं, की बँक बंद झाली.

सगळ्यांनी ग्लास वर केले, "क्लिफर्ड!" म्हणाले, क्रेगनंसुद्धा मान वर करून ग्लास रिकामा केला, आणि तेवढ्यात मागं आवाज आला. मोठा नव्हे, मऊ. धप्प. जसं कुणी जाड पुस्तक मिटावं. मी वळले. सासरे कोटाची बटणं लावून उभे. दार लागलेलं. त्यांनी चाक फिरवलं, अगदी एका हातानं, लोण्यासारखं फिरलं हो, तेल दिलेलं ना! चकतीला एक गरका दिला, हँडल ओढून बघितलं, रुमालानं हात पुसला आणि माझ्याच खुर्चीवर बसले.

बाटली माझ्या हातातून कधी पडली ते मला माहीत नाही.

दार म्हणे नुसतं शोभेचं!

मी धावले, मुठी आपटल्या, ओरडले. लोखंडावर मूठ आपटली तर आवाजसुद्धा येत नाही, माहितीये? नुसता आपलाच हात दुखतो. क्रेग पांढराफटक, "डॅड! डॅड, उघडा! नेल आत आहे, तुमची नात आत आहे!" आणि सासरे कसे, गुडघ्यांवर हात ठेवून, अदबीनं, "साहेब, आवाज जरा खाली. बँक बंद झालीय. उद्या साडेनऊला या." मी त्यांच्या पायांशी बसले. म्हटलं, "डॅड, आकडा सांगा, पाया पडते." तर माझ्याकडे इतकं मायेनं बघितलं, इतकं मायेनं, आणि म्हणाले, "मॅडम, तुमची अडचण समजते. पण नियम आहे. आणि माझ्याकडे अर्धाच असतो. बाकीचा क्लिफर्डकडे. तो येईलच एवढ्यात."

ऐकलंत? अर्धा आकडा ज्याला काही आठवत नाही त्याच्याकडे, आणि अर्धा सकाळी एक वाजता पुरून आलेलो! सकाळी नाही, दुपारी. काय बोलतेय मी...

ब्रेंडनला विचारलं, "तुझ्याकडे आकडा आहे ना?" तर म्हणतो, "माझ्याकडे कसा असेल? लावायला आकडा लागतच नाही, उघडायला लागतो. आणि ते कधी लागलंच नव्हतं ना!" अग्निशमनवाल्यांना फोन केला, दोघं जण आले, दार बघितलं आणि एकमेकांकडे बघितलं. ते बघणं मी मरेपर्यंत विसरणार नाही. एक म्हणाला, "कापायचं यंत्र दुसरीकडून मागवावं लागेल, यायला तासभर. कापायला... तीन तास. चार." मी म्हटलं, "हवा?" त्यानं दाराच्या कडेवरून बोट फिरवलं. मी पुन्हा म्हटलं, "आत हवा किती आहे?" मघाशी गात होते त्यांनी ग्लास खाली ठेवले. कुणीतरी खिशातून जपमाळ काढली, ती बघून माझं उरलंसुरलं अवसान गळालं.

तेव्हा ब्रेंडनला आठवलं. "नळ! बिअरच्या नळासाठी जमिनीला भोक पाडलंय, खालच्या तळघरातून नळी वर येते!" आम्ही धावलो तळघरात. छताला भोक, नळीच्या बाजूनं बोटभर फट. मी पिंपावर चढले, तोंड फटीला लावलं आणि हाका मारल्या, "नेल! नेल, आई इथं आहे गं!" मग कान लावला.

काही नाही.

पुन्हा लावला. काही नाही. बायांनो, रडतं मूल बरं हो, हजारदा बरं, यापुढं माझ्या पोरीनं रात्रभर रडून घर डोक्यावर घेतलं तरी मी तक्रार करणार नाही! कितीतरी वेळ मी तशी उभी होते, कान छताला, आणि मग आलं... बारीक. उंदराएवढं. मग मोठं. मग अशी किंचाळली माझी लेक, की मी पिंपावर उभी राहून हसायला लागले आणि हसता हसता वरून ओघळणाऱ्या शिळ्या बिअरनं माझं तोंड भिजलं. हवा होती. फटीएवढी का होईना, होती. पण तीन महिन्यांची पोर, उपाशी, एकटी, चार तास? गळा सुकून जायचा, उलटी घशात अडकायची, पांघरूण तोंडावर यायचं... मला सगळं दिसत होतं. मला नेहमीच सगळं दिसतं, म्हणून तर क्रेग चिडतो!

आणि वरून क्रेगची हाक, "कर्स्टी, वर ये! म्युरिएल काहीतरी करतेय!" मी पिंपावरून उतरू कशी? पोरीशी कुणी बोलायचं? तर तो अगडबंब ब्रेंडन म्हणाला, "तू बाजूला हो, मी बोलतो." चढला पिंपावर. आता बाळाशी काय बोलायचं हे त्याला कुठं माहीत, तर आपला जेवणाच्या पाटीवरचं वाचल्यासारखा, "आज बीफ आहे बरं का... सोबत भाजलेले बटाटे, गाजर, यॉर्कशायर पुडिंग... ग्रेव्ही हवी तेवढी घे..." आणि खरं सांगू? ती गप्प झाली. माझ्या आवाजाला किंचाळत होती, ग्रेव्हीला गप्प झाली!

वर आले तर म्युरिएल उभी. अंगावर क्लिफर्डचा ओव्हरकोट होताच. पर्समधून तिनं त्याचा चष्मा काढला, दवाखान्यानं परत दिलेला, आणि डोळ्यांवर चढवला. टेबलावर त्याच्या फोटोपुढं त्याची हॅट ठेवली होती, ती डोक्यावर घातली. कुणी हसलं नाही. ती नॉर्मनसमोर जाऊन उभी राहिली आणि घसा खाकरून म्हणाली, "उघडायचं आहे, नॉर्मन."

सासऱ्यांनी मान वर केली. हॅटपासून कोटापर्यंत बघितलं. मग म्हणाले, "उशीर केलास, क्लिफर्ड."

"हो," ती म्हणाली, "केला खरा."

सासरे उठले. दाराशी गेले आणि मग आमच्याकडे वळून म्हणाले, "कृपा करून सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा." शंभर माणसं हो! काळ्या कपड्यांतली, काहींच्या हातात अजून सँडविच, दोन अग्निशमनवाले हेल्मेट घालून, सगळे मुकाट भिंतीकडे तोंड करून उभे, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. मीही. पोर दाराच्या पलीकडे आणि मला त्या दाराकडे पाठ करून उभं राहायचं होतं. त्याच्याइतकं अवघड मी आयुष्यात काही केलं नाही. बाळंतपणसुद्धा नाही.

कट् कट् कट्... कट् कट्... आणि थांबलं. "माझं झालं. तू घे."

मग आवाजच येईना. मी चोरून मान वळवली. म्युरिएलचा हात चकतीवर, पण चकती फिरत नाही. तिला कुठला आकडा माहीत? तिला वाटलं असावं, तिथवर पोचले की काहीतरी सुचेल. आपण बायका असंच करतो ना? आधी चालायला लागतो. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, चष्म्याखालून. आणि ती हळूच म्हणाली, "नॉर्मन... मला आठवत नाही रे."

संपलं, मी म्हटलं. आता संपलं.

आणि माझे सासरे, ज्यांना स्वतःच्या पोराचं नाव आठवत नाही, त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "असू दे. होतं असं. वय झालं आता आपलं." मग इकडं तिकडं बघितलं आणि अगदी कानाशी, पण त्या घुमटाखाली कानातलंही सगळ्यांना ऐकू येतं, "तुझा मला माहीत आहे, क्लिफर्ड. पाठ फिरवून उभा असलो तरी कान उघडे असतात ना. दुसऱ्या वर्षापासूनच माहीत आहे. मॅनेजरला सांगू नकोस."

कट् कट्... कट् कट् कट्... कट्.

चाक फिरलं. दार उघडलं. म्युरिएल त्या कोटात भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "चोवीस वर्षं! चोवीस वर्षं ह्याला माहीत होतं, आणि क्लिफर्ड मरेपर्यंत झोपेतसुद्धा आकडा बोलला जाईल म्हणून माझ्या खोलीत झोपला नाही!"

मी आत धावले. म्हणजे धावणार होते. सासऱ्यांनी हात आडवा केला! खरंच सांगते, आडवा हात! "मॅडम, एक मिनिट. आतली वस्तू अशी नेता येत नाही." टेबलावरून ग्लासखालचा पुठ्ठा उचलला, खिशातून पेन काढलं आणि सुबक अक्षरात लिहिलं, 'एक मूल. गाडीसह. सुस्थितीत मिळालं.' "इथं सही करा." मागून क्रेग ओरडतोय, अग्निशमनवाला रडतोय, खालून तळघरातून ब्रेंडन अजून सांगतोय, "गोडात सफरचंदाचा क्रम्बल आहे..." आणि मी स्वतःच्या पोटच्या पोरीसाठी सही करतेय! केली. निमूटपणे केली. तेव्हा कुठं हात बाजूला झाला.

लालबुंद झाली होती, हुंदके देत होती, पांघरूण पायाशी होतं. बरी होती. आताही बरी आहे. पण तेव्हापासून मी हिला खाली ठेवलेलं नाही. झोपतेही बसून. एक हात मोकळा तो खाण्यापुरता. क्रेग म्हणतो, "किती दिवस असं?" मी म्हणते, तू 'हो' म्हणाला होतास ना, आता गप्प बस.

आणि सासरे? मजेत! रोज साडेतीनला विचारतात, "मॅडम, ती पावती आहे ना?" मी पर्समधून पुठ्ठा काढून दाखवते, की शांत होतात. क्लिफर्ड गेला हे आता आम्ही सांगतच नाही. सांगायचं तोंडच राहिलं नाही. ते म्हणतात, "परवाच भेटला मला. थकलाय बिचारा. आकडा विसरायला लागलाय."

आता पुढचं ऐका. ब्रेंडनला फार वाईट वाटलं, म्हणून तो म्हणाला, नेलच्या बारशाचं जेवण माझ्याकडून. चर्चमधून थेट इकडंच या. कुठं? त्याच तिजोरीच्या खोलीत! आणि क्रेग हो म्हणून आला! येत्या रविवारी! मी म्हटलं, "अरे, ते दार?" तर ब्रेंडन म्हणतो, "अगं, आता मी त्याला साखळी लावलीय, आता तर ते अगदी नुसतं..." मी म्हटलं, पुढं बोलू नकोस. तो शब्द माझ्यासमोर काढू नकोस!

मी काल गुपचूप सासऱ्यांजवळ बसले. म्हटलं, अजून थोडं आठवतंय तोवर लिहून घ्यावं. म्हटलं, "डॅड, तो आकडा मला सांगून ठेवता? दोन्ही अर्धे? रविवारी आम्ही सगळे त्या खोलीत असणार." त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, "मॅडम, रविवारी कशाला येता? रविवारी बँक बंद असते. शनिवारी दार लावलं, की आम्ही ते थेट सोमवारी उघडतो."

म्हणून म्हणते सिस्टर, हिला माझ्या कडेवरून काढू नका. त्या दारातल्या मोठ्या माणसांच्या काट्यावर मीच उभी राहते हिला घेऊन. दोघींचं वजन करा, आणि त्यातून माझं वजा करा.